न शमणारी उष्णता, न पोचलेली वार्ता

पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर, नीरा नदी ओलांडल्यावर आणि खंबाटकीचा घाट लागण्यापूर्वी, जे शिरवळ गाव येते तेथील रहिवाशाला अणुवीजकेंद्रातील अपघात ही परमुलखातील गोष्ट वाटली, तर त्यात नवल नाही. कारण पालघर जिल्ह्यातील तारापूरचे केंद्र तेथून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरची नियोजित जागाही पावणेदोनशे किलोमीटरांच्या पलीकडे, सह्याद्रीच्या त्या अंगास आहे. तथापि ज्या घटनेचे स्मरण केल्यावाचून महाराष्ट्रात या विषयाचा विचार नीट सुरूच होऊ शकत नाही, ती घटना सातारा जिल्ह्यातच, शिरवळपासून नव्वद किलोमीटरांच्या आत घडलेली आहे.

कोयनेवर 103 मीटर उंचीचे धरण बांधून 1962 पासून जलाशयात पाणी साठू लागले, आणि त्या सुमारासच परिसरातील भूमीला लहान लहान हादरे बसू लागले. दख्खनचे पठार हे पृथ्वीच्या अत्यंत स्थिर भागांपैकी एक होय, असा त्या काळच्या विद्वानांचा निर्वाळा होता. तरीही हादऱ्यांची दखल घेऊन भूकंपमापक यंत्रे बसविण्यात आली, नोंदी होऊ लागल्या, आणि 13 सप्टेंबर 1967 रोजी त्या नोंदींत एका बऱ्याच मोठ्या धक्क्याची भर पडली. पुढे तीन महिन्यांनी, 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी, सारा मुलूख साखरझोपेत असता 6.3 प्रतीचा भूकंप झाला; कोयनानगर जमीनदोस्त झाले, सुमारे 180 माणसे प्राणास मुकली आणि धरणाच्या वरच्या भागात भेगा पडल्या. धरण टिकले, हे महाराष्ट्राचे थोर भाग्य. परंतु ज्या भूमीला शास्त्राने निर्धोक म्हणून दाखला दिला होता ती पाच वर्षे आपले म्हणणे यंत्रांवर लिहून देत होती, आणि ते लिखित वाचून वस्तीचा, घरांच्या बांधणीचा व माणसांच्या सुरक्षिततेचा फेरविचार करण्याची तजवीज मात्र कोठेच नव्हती, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

अणुवीजकेंद्रांच्या इतिहासात ज्या तीन मोठ्या दुर्घटना गणल्या जातात त्यांचा तपशील पाहू लागले म्हणजे कोयनेच्या त्या पाच वर्षांची आठवण पुनःपुन्हा होते. प्रत्येक दुर्घटनेपूर्वी कोणीतरी, कोठेतरी, धोका ओळखून तो कागदावर नोंदविलेला होता. आणि ज्याच्या हाती त्या रात्री यंत्र होते त्याच्यापर्यंत तो कागद पोचलेला नव्हता, किंवा ज्याच्या हाती अधिकार होता त्याने तो बाजूस ठेवलेला होता.

अणुभट्टीची प्रकृती

अणुवीजकेंद्रात विजेची उत्पत्ती कोळशाच्या केंद्राप्रमाणेच होते: पाणी तापवून वाफ करावयाची आणि त्या वाफेने टर्बाइन फिरवावयाचे. भेद आहे तो उष्णतेच्या उगमात. युरेनियमच्या अणुगर्भावर न्यूट्रॉन आदळला म्हणजे तो अणू दुभंगतो, उष्णता निर्माण होते आणि नवे न्यूट्रॉन बाहेर पडून दुसरे अणू दुभंगतात. ही साखळी नियंत्रक दांड्यांच्या साहाय्याने हवी तेवढीच चालू ठेवणे, हे अणुभट्टीचे सारे तंत्र होय. दांड्या आत सोडल्या की न्यूट्रॉन शोषले जातात आणि साखळी काही सेकंदांत थांबते. अणुभट्टीच्या इंधनात दुभंगणाऱ्या युरेनियमचे प्रमाण इतके अल्प असते की अणुबाँबप्रमाणे तिचा स्फोट होणे शक्य नसते, हेही येथेच सांगून टाकणे इष्ट आहे.

मग संकट कशाचे? चुलीतील लाकूड ओढून घेतले म्हणजे चूल निवते. अणुभट्टीचे तसे नाही. दुभंगलेल्या अणूंचे जे तुकडे इंधनात साठतात ते स्वतःच किरणोत्सारी असतात, आणि साखळी थांबल्यावरही ते क्षय पावत राहून उष्णता देत राहतात. ही उष्णता बंद करण्याची कळ कोणालाही बनविता आलेली नाही. 1,000 मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत सुमारे 3,000 मेगावॅट उष्णता उत्पन्न होत असते. ती बंद केल्याच्या क्षणी त्यातील सहा-सात टक्के, म्हणजे 200 मेगावॅटच्या आसपास, उष्णता तशीच निघत राहते. तासाभराने ती दीड टक्क्यापर्यंत उतरते, आणि पुरता एक दिवस लोटल्यानंतरही अर्ध्या टक्क्याच्या जवळपास असते. हा अर्धा टक्का वाचण्यास क्षुल्लक वाटतो. परंतु तेवढी उष्णता ताशी वीस टनांहून अधिक पाण्याची वाफ करून टाकण्यास पुरेशी आहे. म्हणून बंद झालेल्या भट्टीतही दिवसचे दिवस पाणी खेळते ठेवावे लागते, त्यासाठी पंप लागतात, आणि पंपांसाठी वीज लागते. साऱ्या प्रांताला वीज पुरविणारे केंद्र अशा रीतीने आपल्या जीवितासाठी बाहेरच्या विजेवर, आणि ती गेल्यास आपल्या डिझेल यंत्रांवर, अवलंबून असते.

पाणी आटले तर पुढचा क्रम ठरलेला आहे. इंधनाच्या नळ्या झिर्कोनियम या धातूच्या असतात. त्या सुमारे 1,200 अंशांवर तापल्या की भोवतालच्या वाफेशी त्यांचा वेगाने संयोग होऊन हायड्रोजन वायू निर्माण होतो. त्याहून पुढे खुद्द इंधन वितळू लागते. आणि साठलेल्या हायड्रोजनला ठिणगी मिळाली की इमारतीचे छप्पर उडते.

तीन दुर्घटना

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथे 28 मार्च 1979 रोजी पहाटे दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि उघडीच राहिली. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र झडप मिटल्याचे दाखवीत होता. कारण तो झडपेची स्थिती दाखविणारा नसून झडपेला मिटण्याचा हुकूम सुटला एवढेच कळविणारा होता. भट्टीतील पाणी त्या वाटेने दोन तासांहून अधिक काळ निघून जात असता कर्मचाऱ्यांना पाणी फाजील झाल्याचा भास झाला आणि त्यांनी आपत्कालीन पाणीपुरवठा आपल्या हातांनी आवरता घेतला. इंधनाचा जवळजवळ अर्धा भाग वितळला. बाहेरचे संरक्षक कवच शाबूत राहिले म्हणून लोक बचावले. नेमका हाच प्रकार दीड वर्षापूर्वी, सप्टेंबर 1977 मध्ये, ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात घडलेला होता. तेथे भट्टी अल्प शक्तीवर चालत होती आणि वीस-बावीस मिनिटांत चूक ध्यानात आली, म्हणून अनर्थ टळला. दोन्ही भट्ट्या एकाच कारखान्याच्या बनावटीच्या होत्या. त्या कारखान्यातील एका अभियंत्याने याविषयी लेखी ताकीदही दिली होती. ती एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे फिरत राहिली आणि थ्री माइल आयलंडच्या कर्मचाऱ्यांना तिची वार्ताही नव्हती.

युक्रेनमधील चेर्नोबिलच्या चौथ्या भट्टीत 26 एप्रिल 1986 च्या मध्यरात्रीनंतर जो प्रयोग चालला होता त्याचा हेतू सुरक्षिततेचाच होता: बाहेरची वीज गेली तर डिझेल यंत्रे चालू होईतोवर, गतीत असलेल्या टर्बाइनच्या जोरावर पंप चालतील काय, हे पाहावयाचे होते. प्रयोग दिवसा व्हावयाचा होता. कीव्हच्या वीजवितरण अधिकाऱ्यांनी विजेची निकड सांगून तो लांबविला, आणि ज्यांची पुरती तयारी झालेली नव्हती अशा रात्रपाळीच्या माथी तो आला. शक्ती नेमलेल्या पातळीच्या पुष्कळ खाली घसरली. ती सावरण्यासाठी बहुतेक नियंत्रक दांड्या वर ओढल्या गेल्या. या जातीच्या भट्टीत पाण्याची वाफ होऊ लागली की शक्ती कमी न होता वाढत जाते. शिवाय दांड्यांच्या खालच्या टोकांची रचना अशी होती की त्या आत शिरताना प्रथम क्षणभर शक्तीची वाढच व्हावी. रात्री 1 वाजून 23 मिनिटांनी भट्टी बंद करण्याची कळ दाबली गेली, आणि जी कळ शेवटचा आसरा म्हणून बसविली होती तिनेच स्फोटास हातभार लावला. संरक्षक कवच या भट्टीला मुळी नव्हतेच. ग्रॅफाइटची आग दहा दिवस धुमसत राहिली. दांड्यांचा हा दोष 1983 साली लिथुआनियातील इग्नालिना केंद्रात प्रत्यक्ष दिसून आला होता आणि रचनाकारांना तो ठाऊक होता; परंतु सोव्हिएत राज्यात अशा गोष्टी गुपित मानल्या जात. प्रथम सारा ठपका कर्मचाऱ्यांवर ठेवून 1987 साली अधिकाऱ्यांना तुरुंगात पाठविण्यात आले; आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या 1992 च्या अहवालाने मूळ दोष रचनेत आणि तो झाकून ठेवणाऱ्या व्यवस्थेत असल्याचे मान्य केले.

जपानच्या फुकुशिमा दाइइची केंद्रात 11 मार्च 2011 रोजी दुपारी 9 प्रतीच्या भूकंपाचा हादरा बसला तेव्हा चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या, बाहेरची वीज गेली आणि डिझेल यंत्रे चालू झाली. म्हणजे सर्व काही योजनेबरहुकूम घडले. सुमारे पन्नास मिनिटांनी चौदा-पंधरा मीटर उंचीची त्सुनामी आली. केंद्राची तयारी त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीच्या लाटेची होती, आणि बहुतेक डिझेल यंत्रे तळघरांत होती. अंधारलेल्या नियंत्रणकक्षात कर्मचाऱ्यांनी आवारातील मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि त्या जोडून, विजेरीच्या उजेडात, भट्टीतील पाण्याची पातळी वाचण्याची खटपट केली. तीनही भट्ट्यांतील इंधन वितळले आणि पुढील चार दिवसांत हायड्रोजनचे स्फोट झाले. इसवी सन 869 मध्ये त्या किनाऱ्यावर आलेल्या महात्सुनामीचे पुरावे भूवैज्ञानिकांनी पुढे ठेवलेले होते. केंद्र चालविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या 2008 सालच्या हिशेबानेही पंधरा मीटरांहून उंच लाट संभवनीय ठरविली होती. अधिक अभ्यासाच्या सबबीखाली निर्णय पुढे ढकलला गेला. जपानी संसदेने नेमलेल्या समितीने 2012 साली या दुर्घटनेला मानवनिर्मित म्हटले. याच किनाऱ्यावर, भूकंपकेंद्राच्या अधिक जवळ, ओनागावाचे अणुवीजकेंद्र मात्र बचावले; कारण ते उभारताना यानोसुके हिराई या ज्येष्ठ अभियंत्याने त्याच जुन्या त्सुनामीचे स्मरण देऊन, खर्चाची तमा न बाळगता, ते जवळजवळ पंधरा मीटर उंचीवर बांधण्याचा आग्रह धरला होता. आसपासच्या गावांतील शेकडो बेघर माणसांना त्या रात्री अणुवीजकेंद्राच्या आवारातच आश्रय मिळाला. इशारा एकच, समुद्र एकच. एकाने तो बांधकामात उतरविला आणि दुसऱ्याने दप्तरात ठेवला, आणि दोन केंद्रांच्या दैवात पडलेले अंतर एवढ्यानेच पडले.

आपल्या देशातील एक पहाट

भारतात या तोडीची दुर्घटना झालेली नाही. परंतु तिच्या उंबरठ्यापर्यंत आपण एकदा जाऊन आलो आहोत. उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात 31 मार्च 1993 रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास टर्बाइनची पाती तुटली. त्या हादऱ्याने जनित्राला थंड ठेवणारा हायड्रोजन निसटून पेटला, तेलाने आग भडकली आणि विजेच्या मुख्य व आपत्कालीन अशा दोन्ही तारा, परस्परांपासून पुरेशा विलग नसल्यामुळे, एकाच वेळी जळाल्या. कर्मचाऱ्यांनी मिनिटभराच्या आत भट्टी बंद केली, हे योग्यच केले. पण मागे राहिलेल्या उष्णतेचे काय? धुराने नियंत्रणकक्ष सोडावा लागला. केंद्र सुमारे सतरा तास विजेवाचून होते. त्या काळोखात काही कर्मचारी विजेऱ्या घेऊन इमारतीत वर चढले आणि साखळी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून न्यूट्रॉन शोषणारे बोरॉनचे द्रावण त्यांनी हातांनी झडपा उघडून भट्टीत सोडले. इतरांनी आग विझविण्यासाठी ठेवलेले डिझेल पंप चालू करून त्यांचे पाणी वाफजनित्रांत पोचविले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्या माणसांच्या धैर्याला आणि प्रसंगावधानाला ज्या प्रमाणात आपल्या लोकमानसात स्थान मिळावयास हवे होते त्या प्रमाणात ते मिळाले नाही, याची खंत वाटते. आणि सतरा तास साऱ्या प्रदेशाची सुरक्षितता काही व्यक्तींच्या धैर्यावर विसंबून राहिली, याची चिंताही तितकीच वाटते. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस किल्लारीचा भूकंप होऊन दख्खनच्या स्थिरतेविषयीचा उरलासुरला भ्रमही गेला.

परिणामांची वाटचाल

चेर्नोबिलमध्ये त्या रात्री दोन कामगार दगावले, आणि तीव्र किरणोत्साराने पुढील काही महिन्यांत आणखी 28 जणांचा, विशेषतः अग्निशामक दलाच्या जवानांचा व केंद्रातील कर्मचाऱ्यांचा, अंत झाला. परंतु अशा दुर्घटनेची खरी व्याप्ती वाऱ्यापावसाबरोबर ठरते. बाहेर पडलेल्या द्रव्यांत दोन विशेष घातक होत: आयोडीन-131, ज्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे, आणि सीझियम-137, ज्याचे सुमारे तीस वर्षांचे आहे.

आयोडीनचा मार्ग शिरवळच्या वाचकाने लक्षपूर्वक पाहावा. कारण तो ज्या वस्तूंतून जातो त्या येथे घरोघर आहेत. ते वाऱ्याने येऊन गवतावर बसते. गाय दिवसभरात कित्येक गुंठ्यांवरील गवत पोटात घेते, आणि विस्तीर्ण रानावर विरळ पसरलेले विष तिच्या दुधात एकत्र येते. ते दूध बालकाच्या पोटात जाते, आणि त्याची इवलीशी अवटू ग्रंथी आयोडीनला भुकेलेली असल्यामुळे ते तेथे साठवून ठेवते. युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या खेड्यांत अपघाताची वार्ता दडविल्यामुळे मुले दूध पीत राहिली. पुढील वीस वर्षांत त्या पिढीत अवटू ग्रंथीच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले. त्यांपैकी बहुतेक उपचाराने वाचले, पण त्यांतील फार मोठा वाटा मुळातच टळण्याजोगा होता. शेजारच्या पोलंडने मॉस्कोच्या खुलाशाची वाट न पाहता, आपल्याच मापकांवर विसंबून, काही दिवसांत सुमारे एक कोटी मुलांना साध्या आयोडीनची मात्रा पाजली आणि दुधावर निर्बंध घातले. ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून राहिली की किरणोत्सारी आयोडीनला तेथे जागा उरत नाही; उपाय इतका स्वस्त, आणि वेळेवर केला तरच उपयोगाचा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशा संस्थांतून दुधाच्या किरणोत्साराची तपासणी करण्याचे शिक्षण आणि साधने असावीत, ही मागणी त्यामुळे अवाजवी ठरू नये.

सीझियम जमिनीत मुरते आणि पिढ्यांचा प्रश्न होते. प्रिप्यात नगरातील सुमारे 49,000 लोकांना अपघातानंतर सुमारे छत्तीस तासांनी, तीन दिवसांत परतू असे सांगून, गाड्यांत बसविण्यात आले; ते परतले नाहीत. त्या वर्षी एकंदर सव्वा लाखाच्या आसपास आणि पुढील वर्षांत आणखी दोन लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. फुकुशिमात दीड लाखांवर लोक हलविले गेले; तेथे किरणोत्साराच्या तीव्र आघाताने कोणी मेले नाही, पण घाईच्या स्थलांतराने, औषधपाण्याच्या आबाळीने आणि परक्या ठिकाणच्या खचलेपणाने दोन हजारांहून अधिक, बहुतांशी वृद्ध, माणसे दगावल्याची नोंद त्या प्रांताने केली आहे. ज्या सातारा जिल्ह्यातील कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी दशकानुदशके कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत आले आहेत, तेथे घर सुटणे ही केवढी आपत्ती आहे हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

चेर्नोबिलमुळे अखेर किती आयुष्ये अकाली संपतील याविषयी मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने 2005 साली झालेल्या अभ्यासाने, सर्वाधिक किरणोत्सार सोसलेल्या सहा लाखांत, चार हजारांपर्यंत असा अंदाज दिला, आणि इतरांचे अंदाज याहून मोठे आहेत. न्यायाच्या दृष्टीने हेही नमूद केले पाहिजे की कोळशाचा धूर कोणत्याही अपघातावाचून, रोजच्या रोज, माणसे मारीत असतो, आणि हवामानाच्या संकटात धूर न सोडणाऱ्या विजेची किंमत वाढली आहे. अणुवीज हवी की नको याचा निर्णय सुजाण नागरिकांनी करावा. परंतु हवी म्हणणाऱ्यांवरच तिच्या धोक्यांचा जागता पहारा ठेवण्याची जबाबदारी अधिक आहे, असे आमचे मत आहे.

महाराष्ट्राचे कर्तव्य

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 साली सुरू झाल्या. फुकुशिमाच्या भट्ट्यांप्रमाणे त्याही उकळत्या पाण्याच्या, अमेरिकन जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या रचनेच्या आहेत, जरी त्यांचा आकार लहान आणि प्रकार अधिक जुना आहे. त्यांच्या शेजारी देशी बनावटीच्या दोन मोठ्या भट्ट्या 2005 व 2006 साली उभ्या राहिल्या. त्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू व तलासरी तालुक्यांत, नोव्हेंबर 2018 पासून लहानमोठ्या भूकंपांची मालिका अनुभवास आली आहे. जैतापूरजवळ माडबनच्या सड्यावर फ्रेंच रचनेच्या सहा भट्ट्यांची योजना आहे. तेथील भूकंपप्रवणतेविषयी वैज्ञानिकांत वाद झाला, आणि फुकुशिमानंतर अवघ्या सव्वा महिन्यात, एप्रिल 2011 मध्ये, नाटे येथे विरोधकांवर झालेल्या गोळीबारात एक मच्छीमार मारला गेला. ज्या शंकेला अहवालाने उत्तर द्यावयाचे तिला बंदुकीने उत्तर मिळाले, तर पुढच्या वेळी धोका दिसूनही बोलण्यास कोण धजेल?

देशातील अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 साली स्थापन झाले. 2012 साली महालेखापरीक्षकांनी त्याच्या स्वातंत्र्यातील आणि अधिकारांतील उणिवा स्पष्ट शब्दांत दाखविल्या. अशा मंडळाचे कायदेशीर स्वरूप काहीही असो, त्याच्या योग्यतेची कसोटी एकच: केंद्रातील कनिष्ठ अभियंत्याने आज लिहिलेली शंका, वरिष्ठांची मर्जी न सांभाळता, भट्टी थांबविण्याचा अधिकार असलेल्या मनुष्याच्या मेजावर किती दिवसांत पोचते, आणि तिचे पुढे काय झाले हे लोकांना कळते की नाही. नरोऱ्याच्या आगीनंतर तारा विलग करण्याचे काम झाले. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या अणुवीजकेंद्राच्या पंपगृहात पाणी शिरले तेव्हा तेथील भट्टी सुखरूप बंद करता आली. म्हणजे शिकण्याची पात्रता आपल्या अभियंत्यांच्या अंगी निश्चित आहे. प्रत्येक लहान बिघाडाचा अहवाल मराठीत व जाहीर रीतीने प्रसिद्ध व्हावा, केंद्राभोवतीच्या सोळा किलोमीटरांच्या आपत्कालीन क्षेत्रातील ग्रामस्थांना घर सोडण्याच्या सरावात खरोखर सामील करून घ्यावे, आयोडीनच्या गोळ्यांचा साठा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत असावा, आणि जमिनीचे हादरे मोजणाऱ्या शास्त्रज्ञाला प्रकल्पाच्या कागदांवर नकार लिहिण्याची मुभा असावी. यांतील एकही मागणी अणुभट्टीइतकी खर्चाची नाही. त्या मान्य करून घेण्यासाठी तारापूरच्या आणि माडबनच्या माणसांनी एकट्यानेच झगडावे, हे महाराष्ट्राला शोभणारे नाही. त्या विजेचा दिवा ज्या ज्या घरी लागतो त्या प्रत्येक घराने त्यांच्या बाजूने विचारणा केली पाहिजे.